एका गोळीसारखी दुसरी गोळी : हाताने भरलेल्या काडतुसांचा दोन शतकांचा शोध

१/
२६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील क्रीडमूर येथील चांदमारीचे मैदान. आयर्लंड आणि अमेरिका यांच्यातील रायफल नेमबाजीचा सामना संपत आला आहे. आयर्लंड एका गुणाने पुढे आहे आणि अमेरिकेच्या कर्नल जॉन बोडाइन यांची एकच गोळी उरली आहे. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला आहे. जखमेवर रुमाल गुंडाळून ते जमिनीवर आडवे होतात. लक्ष्य आहे १००० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटर दूर. बार होतो आणि गोळी मधल्या काळ्या चौकोनात लागते. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

२/
ही कथा सांगताना बोडाइन यांच्या धैर्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या गोळीचे यश हात आणि डोळा यांच्यावरच अवलंबून नव्हते. सामन्याच्या आधी कोणीतरी शांतपणे बसून दारू तोलली होती, शिसे ओतले होते, गोळीला कागद गुंडाळला होता. त्या कामात चूक झाली असती तर जगातला सर्वोत्तम नेमबाजही तो चौकोन गाठू शकला नसता. हा थ्रेड त्या कामाच्या इतिहासाविषयी आहे. एका बारासारखाच दुसरा बार कसा काढायचा, या प्रश्नाने दोनशे वर्षे गणिती, दुर्बीणकार, कारागीर आणि एका डॉक्टरला पछाडले होते.

३/
प्रथम प्रश्न नीट समजून घेऊ. त्या काळातील लांब पल्ल्याच्या रायफलीची जड शिशाची गोळी १००० यार्ड जायला सुमारे तीन सेकंद घेई. या तीन सेकंदांत गुरुत्वाकर्षण तिला शंभर फुटांहून अधिक खाली ओढत असे. म्हणून नळी वर उचलून नेम धरावा लागे. आता एखाद्या काडतुसाचा वेग नेहमीपेक्षा एक टक्का कमी पडला, तर तेवढ्याने गोळी फूट-दोन फूट खाली लागणार. क्रीडमूरचा काळा चौकोन होता तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच. मध्यावर नेम धरला तर खालची कड दीड फुटावरच येते. एक टक्क्याची चूक गुण हिरावून घेण्यास पुरेशी होती.

४/
ही चूक कुठून येते? काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. यांपैकी प्रत्येकात फरक पडू शकतो. दारूचे वजन, दाण्यांचा आकार, दारू किती दाबून भरली हे, टोपीची ठिणगी, गोळीचे वजन, तिच्या आत राहिलेला हवेचा बुडबुडा, पुंगळीची पकड. यात भर म्हणजे नळीची अवस्था. मागच्या बाराची काजळी आत असेल तर पुढचा बार वेगळा जातो. कोणता फरक किती महत्त्वाचा, हे ठरवण्याचे साधन मात्र फार काळ कोणाकडेच नव्हते.

५/
ते साधन पहिल्यांदा दिले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली त्याचा तोफशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ आला आणि त्यात त्याने एक साधे यंत्र मांडले. एक जड लोलक टांगायचा, त्याला लाकडी फळी बसवायची आणि तिच्यावर बंदूक झाडायची. गोळी फळीत रुतते आणि लोलक मागे झुलतो. लोलक किती झुलला हे मोजले, की गोळीच्या आणि लोलकाच्या वजनांवरून गोळीचा वेग काढता येतो. साध्या बंदुकीची गोळी सेकंदाला सुमारे १७०० फूट वेगाने सुटते, हे अशा रीतीने समजले.

६/
हवेचा अडथळा किरकोळ आहे, असे त्या काळचे अनेक तोफशास्त्री मानत. रॉबिन्सने लोलक वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून वेग मोजले आणि हा समज मोडून काढला. पुढे त्याने आणखी एक विलक्षण प्रयोग केला. बंदुकीची नळी तोंडाशी डावीकडे वाकवली आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी सुरुवातीला डावीकडे गेली, पण कागदांवरच्या छिद्रांनी दाखवले की नंतर ती उजवीकडे वळली. नळीच्या कडेला घासून गोळीला फिरकी मिळते आणि ती फिरकी तिला हवेत वळवते, हे त्याने सिद्ध केले. कागदी पडद्यांची ही युक्ती ध्यानात ठेवावी. दीडशे वर्षांनी ती पुन्हा भेटेल.

७/
गोल गोळी प्रत्येक वेळी वेगळ्याच दिशेने फिरते, म्हणून ती प्रत्येक वेळी वेगळीकडे जाते. यावरचा उपाय म्हणजे नळीत आटे पाडून सर्व गोळ्यांना एकाच प्रकारची फिरकी देणे. आट्यांची बंदूक, म्हणजे रायफल, जे राष्ट्र पूर्णपणे समजून घेऊन स्वीकारील त्याचे पारडे युद्धात जड होईल, असे भाकीत रॉबिन्सने केले होते. त्याचा शेवट मात्र भारतात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या बांधणीसाठी त्याला मद्रासकडे पाठवले आणि १७५१ साली कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने तो मरण पावला.

८/
रायफलीची अडचण होती काळी दारू. ती जळल्यावर नळीत काजळीचा जाड थर बसतो. ठासणीच्या रायफलीत आट्यांना घट्ट बसणारी गोळी काही बारांनंतर आत सरकेनाशी होते. त्यावर वंगण हा उपाय होता. वंगणाने काजळी मऊ राहते आणि पुढचा बार मागच्यासारखा होतो. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या कागदी काडतुसाला चरबी लावलेली होती, ती याचसाठी. ते काडतूस दातांनी फाडावे लागे. ही चरबी गाईची आणि डुकराची असल्याच्या संशयातून १८५७ साली काय घडले, ते मराठी वाचकाला सांगणे नको.

९/
लष्कराला हजारो काडतुसे हवी होती, त्यात थोडाफार फरक चालत असे. स्पर्धेतल्या नेमबाजाला तो चालत नव्हता. १८४० साली अमेरिकेत अल्व्हन क्लार्क नावाच्या माणसाने एका छोट्या जोडतुकड्याचे पेटंट घेतले. अडचण अशी होती : वरून गोळी ठासताना नळीच्या तोंडाची कड गोळीला ओरबाडते आणि गजाच्या घासण्याने ती कडही झिजते. क्लार्कची युक्ती अशी : नळीचे आटे पाडण्यापूर्वीच तिच्या तोंडाचा एक तुकडा कापून पुन्हा बसवायचा आणि मग दोन्हींत एकत्र आटे पाडायचे. गोळी भरताना तो तुकडा लावायचा, बार काढताना काढून ठेवायचा.

१०/
अशा रीतीने गोळी दर वेळी सरळ आणि न दुखावता आत जाई, आणि जिथून ती बाहेर पडते ती खरी कड अबाधित राही. या क्लार्कचे नाव खगोलप्रेमींना ओळखीचे वाटेल. तोच पुढे जगातील मोठ्या दुर्बिणींची भिंगे घासणारा विख्यात कारागीर झाला. १८६२ साली त्याच्या मुलाने त्यांच्या कार्यशाळेतील नव्या साडेअठरा इंची भिंगाची परीक्षा घेताना व्याध ताऱ्याचा अंधुक सोबती प्रथम पाहिला. काचेच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म दोष शोधणारी नजर आधी बंदुकीच्या तोंडाशी सराव करून आली होती.

११/
आता पुन्हा क्रीडमूर. आयर्लंडचा संघ १८७३ साली इंग्लंडमध्ये विम्बल्डन येथे एल्को शील्ड जिंकून आला होता. त्यांच्या हाती रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या आणि स्वतः जॉन रिग्बी संघात खेळत होते. अमेरिकी संघाकडे रेमिंग्टन आणि शार्प्स या कंपन्यांच्या, मागून काडतूस भरण्याच्या नव्या रायफली होत्या. ज्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या मैदानावर सामना झाला, ती स्थापन होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. जुन्या पद्धतीची निष्णात हातभरणी आणि नव्या यंत्राची सोय, यांची ही परीक्षा आहे, असेच सर्वांना वाटत होते.

१२/
दोन्ही बाजूंची तयारी मात्र सारखीच चिकाटीची होती. आयरिश नेमबाज प्रत्येक बारासाठी आधीच तोललेली दारू घेऊन येत आणि गोळी गजाने एकसारख्या दाबाने बसवत. अमेरिकी बाजूला पुंगळी, टोपी, तोललेली दारू आणि पातळ कागद गुंडाळलेली गोळी. कागदामुळे शिसे नळीत घासून चिकटत नाही. गोळीसाठी शुद्ध शिसे फार मऊ पडते, म्हणून त्यात थोडे कथील मिसळत.

१३/
सामना ८००, ९०० आणि १००० यार्डांवर झाला. प्रत्येक संघात सहा जण आणि प्रत्येकाला प्रत्येक अंतरावर १५ बार. ८०० यार्डांवर अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७. ९०० वर आयर्लंड ३१२, अमेरिका ३१०. १००० वर आयर्लंड ३०२, अमेरिका २९८. अमेरिकेच्या हेन्री फुल्टन यांनी १८० पैकी १७१ गुण मिळवले. अंतर वाढत गेले तशी ठासणीची बंदूक पुढे सरकत गेली, हे आकडे नीट पाहिले तर दिसते.

१४/
आणखी एक गोष्ट. ९०० यार्डांवर आयर्लंडच्या मिल्नर यांनी गोळी अगदी मध्यभागी मारली, पण शेजारच्या संघाच्या लक्ष्यावर! त्या बाराला शून्य गुण मिळाले. ती स्वतःच्या लक्ष्यावर लागली असती तर चार गुण मिळाले असते आणि आयर्लंडचे ९३५ झाले असते. दुसऱ्या दिवशी जगाने ‘मागून भरायची बंदूक जिंकली’ असा निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात दोन्ही पद्धती बरोबरीच्या ठरल्या होत्या. इतिहासात पुष्कळ वेळा निकाल लक्षात राहतो आणि त्यामागचे मोजमाप विसरले जाते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

१५/
क्रीडमूरनंतर अमेरिकेत हातभरणी घरोघर पोहोचली. पुंगळी पितळेची असल्याने पुन्हा वापरता येई, त्यामुळे शिकारी आणि शेतकरी पैसे वाचवण्यासाठीही काडतुसे भरत. १८८४ च्या सुमारास जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ नावाने साचे, चिमट्यासारखी हत्यारे आणि दारू मापण्याची यंत्रे विकायला सुरुवात केली आणि सोबत एक माहितीपुस्तिकाही. जाणकार मंडळी ओतलेली प्रत्येक गोळी तराजूत घालत. जी हलकी भरे तिच्यात हवेची पोकळी आहे असे समजून ती पुन्हा वितळवत. पण असे केल्याने नेम किती सुधारतो, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असे.

१६/
याचे कारण मोजमापाची दरी. १८६० च्या दशकात बेल्जियमचे तोफखाना अधिकारी पॉल ल बूलांजे यांनी वेगमापक घडवला. गोळी वाटेतल्या दोन तारा तोडते. पहिली तार तुटली की विद्युतचुंबकाला लटकलेली लांब सळई पडू लागते, दुसरी तुटली की आखूड सळई पडून एक पाते सुटते आणि ते लांब सळईवर खूण उठवते. खुणेच्या उंचीवरून दोन तारांमधला वेळ काढायचा. हे यंत्र सरकारी कारखान्यांत आणि तोफखान्यांत गेले. घरी काडतुसे भरणाऱ्याकडे मात्र लक्ष्याच्या कागदावरील छिद्रे हाच एक पुरावा होता. त्या छिद्रांत दारूचा दोष किती, गोळीचा किती आणि स्वतःच्या हाताचा किती, हे वेगळे कसे काढणार?

१७/
अनुभवाच्या वाटेने या प्रश्नाच्या सर्वात जवळ गेला तो हॅरी पोप (१८६१–१९५०). अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मनांच्या ‘शुट्झेन’ मंडळांत २०० यार्डांवर उभ्याने नेमबाजी चाले आणि पोपच्या नळ्यांना तिथे विशेष मान होता. त्याची रीत दोन जगांची सांगड घालणारी होती : दारूची पुंगळी मागून, गोळी मात्र क्लार्कच्या जोडतुकड्यातून पुढून. एकच पुंगळी दिवसभर, दर बारानंतर तिथेच टेबलावर भरून वापरायची. पुंगळी एकच, म्हणून तिच्यातील फरक शून्य. गोळी वरून उतरताना मागची काजळी खाली ढकलते आणि तिच्या बुडाची कड नितळ राहते. १९०६ साली पोप सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि लगोलग झालेल्या भूकंपात त्याची कार्यशाळा नष्ट झाली. पूर्वेला परतून त्याने पुन्हा सुरुवात केली.

१८/
पोपला ‘कसे’ ठाऊक होते. ‘का’ हे शोधायला मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर फ्रँकलिन मान (१८५६–१९१६) पुढे आले. वैद्यकाची पदवी घेतलेल्या या गृहस्थांनी कोंबड्यांच्या खाद्यासाठी ताजी हाडे कापण्याचे यंत्र तयार केले, त्यातून पैसा मिळवला आणि तो सगळा एका वेडापायी खर्च केला. एका रायफलीच्या दोन गोळ्या एकाच छिद्रातून का जात नाहीत? १९०९ साली या शोधाचे फलित ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

१९/
मान यांनी प्रथम माणूसच वगळला. काँक्रीटचा एक प्रचंड ओटा जमिनीत रोवला, त्याला जिब्राल्टरच्या खडकाचे नाव दिले आणि नळी त्यावरील व्हीच्या आकाराच्या खोबणीत ठेवली. दस्ता नाही, खांदा नाही, डोळा नाही. १०० यार्डांची वाट कापडाने आच्छादली, म्हणजे वाऱ्याचीही सबब उरली नाही. वाटेत ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे लावले. रॉबिन्सचीच युक्ती! प्रत्येक पडद्यावरच्या छिद्रावरून गोळी हवेत कशी डोलत, वळत गेली याचा नकाशा मिळू लागला. नळ्यांपैकी अनेक पोपने घडवलेल्या होत्या. एवढे करूनही छिद्रे एकमेकांपासून दूरच पडत राहिली.

२०/
तेव्हा मान यांनी उलटी वाट धरली. चांगली गोळी करण्याऐवजी ते मुद्दाम वाईट गोळ्या करू लागले. काहींचे टोक बिघडवले, काहींचे बूड एका बाजूने कापले, काहींना कडेला भोक पाडून तोल घालवला. मग दोष ठाऊक असलेली गोळी कुठे जाते ते पाहिले. टोक बिघडलेल्या गोळ्या फारशा भरकटल्या नाहीत. बूड बिघडलेल्या मात्र साफ चुकल्या. कारण सोपे आहे : गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी मागचा वायू उसळून तिच्या बुडावर आदळतो. बूड तिरके असेल तर वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला कलंडवतो.

२१/
दुसरा शोध तोलाचा. गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षावर नसेल, तर नळीत फिरताना तो एका लहान वर्तुळात फिरतो. नळी संपताच गोफणीतल्या दगडासारखा तो स्पर्शरेषेच्या दिशेने निसटतो. अंतर केसाएवढे असले तरी लक्ष्यापर्यंत ते वाढत जाते. तेल पाजलेल्या भुशात गोळ्या झेलून मान यांनी त्या न मोडता परत मिळवल्या आणि तपासल्या. नळीत शिरताना वायूच्या धक्क्याने मऊ गोळी फुगते आणि वाकडी फुगली तर तोल तिथेच बिघडतो, हे त्यांतून दिसले. साच्यातून निघालेली गोळी आणि नळीतून बाहेर पडलेली गोळी या दोन वेगळ्या वस्तू होत्या.

२२/
मान यांचा ग्रंथ आज वाचताना लक्षात राहते ती त्यांतील प्रामाणिक अपयशांची नोंद. महिने खर्चूनही काही न मिळालेले प्रयोग त्यांनी यशस्वी प्रयोगांइतक्याच काळजीने लिहिले आहेत. नेमबाजांच्या वर्तुळात तेव्हा ज्याच्या त्याच्या खास युक्तीचा बोलबाला होता. दारूच्या सूक्ष्म वजनावर लोक रात्री जागवत. मान यांनी दाखवले की बहुतेक दोष गोळीतच होता, तिच्या बुडात आणि तोलात. त्या दिशेने लक्ष वळल्यावरच अचूक गोळी घडवण्याचे पुढचे शास्त्र उभे राहिले.

२३/
दरम्यान दारूच बदलली होती. १८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी धूर न करणारी दारू सिद्ध केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीने ती रणांगणावर आणली. काजळीचा जुना प्रश्न बराचसा मिटला, पण नवा धोका आला. काळी दारू पुंगळी काठोकाठ भरून वापरत, मापात थोडे कमी-अधिक झाले तरी निभावे. नवी दारू तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक शक्ती ठेवते. जुन्या सवयीने मापाने भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. सारखेपणा हा तोवर गुणांचा प्रश्न होता, तो आता जिवाचा झाला.

२४/
हा धडा सरकारी कारखान्यांनाही मिळाला. अमेरिकी लष्कराच्या गोळ्यांवरील तांबे-निकेलचे आवरण नळीत चिकटून बसे, म्हणून नेमबाज गोळ्यांना वंगण लावत. १९२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी फ्रँकफर्ड शस्त्रागाराने नवा उपाय केला : आवरणावर कथिलाचा मुलामा. नळी स्वच्छ राहिली आणि नेमही उत्तम होता. पण साठवणीत कथील आणि पितळ एकमेकांना झाळ दिल्यासारखे चिकटले आणि पुंगळीची पकड भयंकर वाढली. वंगण लावू नका, अशी ताकीद होती. सवयीने ते लावणाऱ्यांच्या बाबतीत पुंगळीच्या मानेला फुगून गोळी सोडायला जागाच उरली नाही. दाब धोक्याच्या पातळीवर गेला आणि काही रायफली मोडल्या.

२५/
ज्युलियन हॅचर या अधिकाऱ्याने या घटनांचा तपास पुढे तपशीलवार लिहून ठेवला. काडतुसांचा नेम उत्तम होता आणि तरीही पुंगळीची पकड घातक होती. एकसारखेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे यातून कळले. पुढे कथिलाचा नाद सोडून तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे आवरण आले आणि नळीत धातू चिकटण्याचा व वंगणाचा असे दोन्ही प्रश्न सुटले.

२६/
रॉबिन्सच्या लोलकापासून मान यांच्या काँक्रीटच्या ओट्यापर्यंत एक धागा सलग दिसतो. प्रत्येक पिढीने दोष वेगळ्या ठिकाणी शोधला : हवेत, काजळीत, नळीच्या तोंडाशी, दारूच्या वजनात, गोळीच्या बुडात. प्रत्येकीला थोडे खरे सापडले, कारण प्रत्येकीने मागच्या पिढीचा मोठा दोष आधी दूर केला होता. काजळी असेतोवर गोळीचा तोल दिसणे शक्य नव्हते. हात थरथरत असेतोवर काजळीचा हिशेब लागत नव्हता. म्हणूनच मान यांनी सर्वात आधी माणसाला बाजूला केले.

२७/
क्रीडमूरच्या त्या संध्याकाळी जमलेल्या हजारोंनी बोडाइन यांना डोक्यावर घेतले. त्यांची शेवटची गोळी मात्र तिच्या आधीच्या चव्वेचाळीस गोळ्यांसारखीच होती. तशी ती असावी म्हणून झालेले काम कोणीच पाहिले नव्हते.

(समाप्त)